टाच आपटून बघितलेली जागा

कुठल्याही नव्या थिएटरात शिरलो की माझी मान आपोआप वर जाते. एकवीस वर्षं दौऱ्याच्या नाटकांचे लाइट्स केले. त्यामुळे छताला किती पाइप आहेत, स्पॉट कुठे लटकलेत, वायरी कशा बांधल्यात हे आधी दिसतं आणि खुर्च्या नंतर. नाटक-नाचाच्या या छोट्या थिएटरात मात्र मी आधी खाली बघितलं आणि आजूबाजूला कोणी नाही असं पाहून टाच आपटली. भरीव ठक्क आवाज आला नाही, धुप्प असा पोकळ आला. पायाखालची जमीन केसभर दबली आणि परत वर आली.

दारावर तिकिटं तपासणाऱ्या मुलीने हे बघितलंच. "काका, काही पडलं का?"

"नाही गं, जमीन बघत होतो."

"लाकडी आहे. खाली पट्ट्यांचे दोन थर आहेत, आडवे आणि उभे. त्याच्या खाली रबर."

दारावरच्या मुलीला हे माहीत आहे म्हटल्यावर मी या जागेला निम्मे मार्क तिथेच देऊन टाकले.

कारण सांगतो. आमची लेक बारा वर्षं नाचली. त्यातले आठ महिने तिची तालीम एका हॉलमध्ये चालायची, नाव कशाला घ्या. सिमेंटवर थेट फरशी आणि फरशीवर जाजम. बघायला झकास. नवव्या महिन्यात तिला नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं. आधी जिना उतरताना, मग नुसतं चालताना. डॉक्टरांनी सहा आठवडे नाच बंद करायला सांगितलं. उडीवरून उतरताना अंगावर स्वतःच्या वजनाच्या तीन-चार पट भार सहज येतो. लाकडी जमीन वाकून त्यातला थोडा पोटात घेते, सिमेंट सगळाच्या सगळा पायात परत पाठवतं. हे मला तेव्हा कळलं. तोपर्यंत जमीन म्हणजे ज्यावर लाइट पडतो ती वस्तू, एवढंच माझं ज्ञान.

तर ही जागा म्हणजे एक काळी खोली. कमान नाही, दर्शनी पडदा नाही, विंगाही नाहीत. तीन बाजूंना काळं कापड, चौथ्या बाजूला ७२ खुर्च्या, अठराच्या चार रांगा. नाचायची मोकळी जागा मी पावलांनी मोजली, साधारण नऊ मीटर बाय आठ. अशा खोलीत नाटक करणं ही काही नवी टूम नाही. ग्रोटोव्स्की या पोलिश दिग्दर्शकाने १९५९ साली पोलंडमधल्या ओपोले गावात जे थिएटर हातात घेतलं, त्याचं नावच 'तेरा रांगांचं थिएटर' होतं. १९६२ साली न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये तरुण नर्तकांनी प्रयोग सुरू केले. आपल्याकडे १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने मुंबईत छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकं लावली. ही सगळी मंडळी मिळेल त्या खोलीत कामाला लागली. इथल्या लोकांना खोली स्वतः बांधायला मिळाली, तर त्यांनी पैसे आधी जमिनीत घातले आणि उरले ते खुर्च्यांत. खुर्च्यांवर बसलं की ते कळतंच. पातळ गादी, पाठ सरळसोट. माझी पाठ साठ मिनिटं शांत राहते, त्यानंतर ती स्वतःचा वेगळा प्रयोग सुरू करते.

आता मुख्य तक्रार. दर मागची रांग पुढच्यापेक्षा वीतभर उंच आहे. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून टाळूपर्यंत साधारण बारा सेंटीमीटर भरतात. म्हणजे वीतभरातले बारा सेंटीमीटर पुढच्याच्या डोक्यातच खर्ची पडले. उरलेल्या चार बोटांच्या जोरावर त्याच्या डोक्यावरून नजर टाकली, तर ती जमिनीला टेकायच्या आत मागची भिंत येते. नाटकात उभी माणसं बोलत असतात, चालून जातं. पण आजकालचं नृत्य निम्मं जमिनीवरच घडतं. लोळणं, सरपटणं, पाठीवरून पलटणं, सगळं खाली. मागच्या महिन्यात तिसऱ्या रांगेत बसून मी एक अख्खा नृत्यप्रयोग पुढच्या बाईंच्या अंबाड्याच्या डावीकडून आणि उजवीकडून बघितला. नर्तकी अंबाड्याच्या या बाजूने आत जायची, त्या बाजूने बाहेर यायची. मधे काय झालं ते अंबाड्याला ठाऊक.

यावर फुकटचा उपाय आहे. एकाआड एक रांग अर्धी खुर्ची बाजूला सरकवायची, म्हणजे नजर दोन डोक्यांच्या मधून जाते. खुर्च्या सुट्या आहेत, खिळे ठोकलेले नाहीत. मी दारावरच्या त्या मुलीला सांगितलं, तिने वहीत लिहून घेतलं.

तोवर माझा सल्ला असा. जमिनीवरचं काम असेल तर पहिली रांग धरा. पाच-सहा जणांचा समूह उभ्याने नाचणार असेल तर शेवटची, कारण कोण कुठून कुठे गेलं, रांगा कशा मोडल्या-जुळल्या हे थोडं वरूनच कळतं. तिकिटावर खुर्चीचा नंबर नसतो, आधी येईल त्याची जागा, म्हणून वीस मिनिटं आधी या. उशीर केलात तर विसरा. दार थेट नाचायच्या जागेवर उघडतं, त्यामुळे तिसऱ्या घंटेनंतर कोणालाही आत घेत नाहीत. एकदा मी चार मिनिटं उशिरा पोचलो आणि जन्मभर थिएटरात काढल्याचं सगळं पुण्य सांगून बघितलं. नाही म्हणाले. चिडलो होतो. पण त्यांच्या जागी मी असतो तरी नाहीच म्हटलं असतं.

लाइट्सबद्दल लिहायचं तर दुसरा लेख होईल, थोडक्यात आवरतो. छताचे पाइप साडेचार मीटरवर आहेत, म्हणजे बुटकेच. समोरून लाइट टाकला की नटाची सावली मागच्या कापडावर चढते. पण इथे नाचासाठी बाजूचे स्टँड आहेत आणि ते तीन उंचींवर लावलेत, नडगीशी, कमरेशी आणि डोक्याच्या वर. समोरचा लाइट चेहरा दाखवतो आणि अंग चपटं करतो. बाजूचा लाइट पोटरी, बरगडी, खांद्याची खोबण, सगळं कोरून काढतो. त्यातला सगळ्यात खालचा तर जमिनीला जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे माणूस अंधारात तरंगतोय असं वाटतं. नर्तक बाजूला धावताना याच स्टँडवर नडग्या आपटून घेतात, तो भाग वेगळा. इथे त्यांनी स्टँडच्या पायांना पांढरी चिकटपट्टी लावली आहे. शहाणपणाचं काम.

निम्मे दिवे जुने हॅलोजन आहेत, निम्मे एलईडी. फरक बघायचा असेल तर प्रयोगाच्या शेवटच्या फेड आउटकडे लक्ष द्या. हॅलोजनची तार विझताना आधी पिवळी, मग केशरी, मग निखाऱ्यासारखी होते आणि कधी गेली ते कळत नाही. एलईडी शेवटच्या दोन-तीन टक्क्यांत पायऱ्या उतरल्यासारखा येतो आणि टप्पकन जातो. गेल्या वेळी त्या शेवटच्या टप्प्याला शेजारचे गृहस्थ दचकले. दिवे चालवायच्या बोर्डावरच्या मुलाने खरं म्हणजे एलईडी आधीच काढून घेऊन शेवट हॅलोजनवर सोडायला हवा होता. पुढच्या वेळी भेटला तर सांगेन. अशी आगाऊ म्हातारी मला स्वतःला बोर्डावर असताना फार छळायची.

दारापाशी पुढच्या सहा आठवड्यांचा कागद लावलाय. त्यातलं जे मला महत्त्वाचं वाटतं त्याबद्दल लिहितो.

पहिला दोघींचा नृत्यप्रयोग, सलग दोन संध्याकाळी, पन्नास मिनिटांचा. याची उघडी तालीम मी बघितली आहे. एकमेकींच्या अंगावर वजन टाकत, झेलत, घसरत केलेलं हे काम आहे. १९७२ साली स्टीव्ह पॅक्स्टनने अमेरिकेत सुरू केलेल्या कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनच्या वाटेवरचं. हा पॅक्स्टन त्या जडसन चर्चवाल्यांपैकीच. पहिली अठरा मिनिटं संगीत नाही. मोठ्या थिएटरात असं केलं तर लोक खोकायला लागतात. इथे पहिल्या रांगेत बसलं की त्यांच्या तळव्यांचा जमिनीवरून निघणारा आवाज हेच संगीत होतं. घामाने ओला तळवा कचकन अडकतो, कोरडा सुळकन सरकतो.

त्या तालमीत एक गोष्ट घडली. लाकडावर काळ्या व्हिनाइलचे पट्टे अंथरतात आणि जोडावर चिकटपट्टी मारतात. डावीकडच्या जोडाची पट्टी एका टोकाला सुटून वर वळली होती. ठेंगण्या मुलीने उंच मुलीला पाठीवर घेतलं, एक पाऊल मागे टाकलं आणि तिची टाच नेमकी त्या वळलेल्या टोकात अडकली. दोघी डाव्या अंगाला कलल्या. माझा श्वास अडकला, कारण मला लेकीची नडगी आठवते. पण वरच्या मुलीने घाईने पाय खाली टाकला नाही. तिने उलट अंग सैल सोडलं आणि खालचीच्या मांडीवरून, गुडघ्यावरून, पोत्यासारखी उतरत जमिनीवर बसली. खालची तिच्या शेजारी बसली. दोघींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. तालीम संपल्यावर त्या ठेंगण्या मुलीने स्वतः चिकटपट्टीचं रीळ आणलं, दाताने तुकडा तोडला आणि जोडावर बसवून अंगठ्याने कडेपर्यंत दाबत गेली. एका ठिकाणी समाधान झालं नाही, तेवढी उपटली आणि पुन्हा लावली. हा प्रयोग चुकवू नका. पहिली रांग.

दुसरा एकपात्री. बंद पडलेल्या छापखान्यातला एक म्हातारा कंपोझिटर, म्हणजे छपाईचा मजकूर जुळवणारा, त्याचे अक्षरांचे खिळे, त्याचे मालक आणि एक न छापलेली पत्रिका. सव्वा तास. हा मी पूर्वी मोठ्या थिएटरात अठराव्या रांगेतून बघितलाय. तेव्हा नटाच्या कॉलरला माइक होता आणि हात म्हणजे दोन फिकट ठिपके. नाटक सगळं हातांचं आहे. तो माणूस बोलता बोलता हवेतल्या केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, खिळे उचलतो आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, लावत जातो, अक्षरं उलटी धरून. माझ्या मामांनी आयुष्यभर हेच केलं. ते झोपेतही डाव्या हाताचा अंगठा असाच दाबून धरायचे, ओळ सुटू नये म्हणून. नटाने अंगठा दाबलाय का ते मला अठराव्या रांगेतून दिसलं नव्हतं. या वेळी बघायचंय.

दोन भीती आहेत. एक, हे नट मोठ्या थिएटरचा आवाज घेऊन येतील. आठशे लोकांना पुरवायचा आवाज ७२ माणसांवर सोडला की म्हाताऱ्याचं स्वगत भांडण वाटायला लागतं. आवाज खाली आणणं म्हणजे नुसतं हळू बोलणं नव्हे. वाक्याचा शेवट गिळायची जी मुभा मोठ्या रंगमंचावर कधीच मिळत नाही, ती इथे मिळते. ती त्यांनी घेतली तर मजा येईल.

दुसरी भीती एसीची. त्याची घरघर नृत्यात संगीताखाली झाकली जाते, कुजबुजत्या नाटकात मात्र तो दुसरं पात्र होतो. म्हणून इथे नाटकाला एसी सुरुवातीलाच बंद करतात. आता बसलेलं एक माणूस साधारण शंभर वॉट उष्णता टाकतं. ७२ माणसं म्हणजे सात किलोवॉटची शेगडी झाली, वर हॅलोजन वेगळे. पन्नासाव्या मिनिटाला लोक तिकिटाने वारा घ्यायला लागतात, म्हणजे तिकीट फोनमध्ये असेल तर फोनने, आणि काळ्या खोलीत फोनचा पडदा उजळला की नटाच्या चेहऱ्यापेक्षा जास्त उजेड तोच देतो. माझं म्हणणं एवढंच की नाटकाआधी तासभर खोली चांगली गार करून ठेवा आणि मग बंद करा. मागच्या वेळी दारं उघडली तेव्हा एसी नुकताच लावला होता.

तिसरा प्रयोग सावल्यांचा, मुलांसाठी म्हणून लिहिलाय, पण मी नातवाच्या निमित्ताने स्वतःसाठी जाणार आहे. सावलीची कड धारदार यायला उजेड एका बिंदूतून यावा लागतो. दहा-बारा चिप असलेला एलईडी लावला तर एका हरणाच्या मागे दहा-बारा फिकट हरणं येतात. दिव्याचा उगम जितका मोठा, कड तितकी मऊ. हे लोक साधा उघडा छोटा हॅलोजन वापरतात, भिंग काढून टाकलेला, आणि तो एक जण हातात धरून फिरवतो. दिवा पुतळीजवळ नेला की सावली एकदम छतापर्यंत जाते. त्या दिवा धरणाऱ्याकडेही बघा. सगळा प्रयोग त्याच्या मनगटावर चालतो आणि टाळ्यांच्या वेळी तो सगळ्यात मागे उभा असतो.

चार नव्या नृत्यदिग्दर्शकांची एक संध्याकाळ आहे, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. अशा कार्यक्रमात चारातले दोन बरे निघाले तरी वसूल. अडचण अशी की ही संध्याकाळ त्या एकपात्रीच्या दुसऱ्याच दिवशी ठेवली आहे. नाटकाचे दिवे समोरून, नाचाचे बाजूने. मधे एक रात्र. शिडीवर चढून सगळं फोकसिंग नव्याने करायला दोन माणसांना पाच-सहा तास लागतात, आणि ते वाचवायचे म्हणून नाटकाचाच समोरचा लाइट ठेवून देतात. मग चार नव्या पोरांची अंगं पुठ्ठ्यासारखी दिसतात आणि लोक म्हणतात, नाचात दम नव्हता. कार्यक्रम लावणाऱ्यांनी मधे एक दिवस मोकळा सोडायला हवा होता. नाचाची जमीन इतकी मनापासून बांधली आणि नाचाच्या दिव्यांना एक दिवस नाही, हे मला कळत नाही.

एका नव्या नाटकाची उघडी तालीमही आहे, नंतर चर्चा. तालीम बघा, चर्चेच्या वेळी दाराजवळ बसा. प्रश्न विचारतो म्हणून उभी राहिलेली माणसं स्वतःच्या आठवणी सांगतात. मीही सांगतो, म्हणून माहीत आहे. उत्स्फूर्त विनोदी नाट्याची एक रात्र आहे, तिला मी जाणार नाही. प्रेक्षकातून कोणाला तरी पुढे ओढतात आणि पहिली रांग मला सोडवत नाही.

जागेचे बाकीचे दोष भराभर सांगतो. दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही. हिचा गुडघा धड नाही, त्यामुळे चव्वेचाळीस पायऱ्या हा आमच्या घरी दर वेळी वादाचा विषय होतो. जिन्याला तरी दोन्ही बाजूंनी दांडी हवी, ती एकाच बाजूला आहे. स्वच्छतागृह एकच, त्यामुळे प्रयोग सुरू व्हायच्या आधी तिथे रांग लागते. बाहेर जायच्या दारावरचा हिरवा दिवा ब्लॅकआउटमध्येही चालू राहतो, त्याबद्दल काहींनी कुरकुर केलेली मी ऐकली. तो राहायलाच हवा. ७२ माणसं, एक दार, तीन बाजूंना कापड. त्या हिरव्या उजेडात एखादा क्षण बिघडला तर बिघडू दे.

परवा त्या दोघींच्या प्रयोगाची तिकिटं विचारायला म्हणून पुन्हा जिना चढलो. फोनवर झालं असतं, पण मला खुर्च्या बघायच्या होत्या. खोलीत कोणी नव्हतं, एकच दिवा चालू होता. दुसरी रांग अर्धी खुर्ची डावीकडे सरकली होती. त्यामुळे टोकाची एक खुर्ची वाटेत येत होती, ती काढून भिंतीला लावली होती. चौथी रांग अजून तिथेच होती. मी दोन खुर्च्या सरकवून बघितल्या. तेवढ्यात ती मुलगी आली आणि म्हणाली, "काका, ती राहू द्या. चौथी सरकवली की बोर्डाच्या टेबलाला लागते. टेबल हलवायला दादा हवेत." मग तिने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. टेबल चार बोटं सरकलं, मग वायर ताणली गेली.